टिटवीतला गारवा

दारावर ‘उड्डाण नियंत्रण कक्ष’ अशी पाटी होती, म्हणून त्या खोलीला तसे म्हणायचे. एरवी ती रावेरबाहेरच्या माळावरच्या जुन्या केळी-वखारीतली मुकादमाची खोली होती. वखार बंद पडल्यावर निरंजन फालक आणि त्यांच्या पत्नी वैजयंती यांनी ती भाड्याने घेतली, पुढचा माळ सपाट करून सातशे मीटरची धावपट्टी केली आणि सहा वर्षे खपून, स्वतःच्या हातांनी, हौशी बांधणाऱ्यांत प्रचलित असलेल्या ‘टिटवी’ आराखड्याचे एक दोन आसनी विमान बांधले. विमानाचे नावही टिटवीच. गावात त्याला ‘फालकांचं खूळ’ म्हणत आणि ते फारसे चूक नव्हते.

खूळ खरे तर वैजयंतीबाईंचे. निरंजन त्यात ओढले गेले होते. त्यांचा जन्म केळी साठवायच्या शीतगृहांत गारवा करण्यात गेला. धडधाकट माणसाने आकाशात जाऊन काय साधायचे, हे त्यांना साठाव्या वर्षीही नीट कळलेले नव्हते. बायको वर गेली की चाके टेकेपर्यंत ते, आपली भीती कुणाला दिसू नये म्हणून, मापकांचे आकडे वहीत उतरवत बसत.

आजही बसले होते. ऑक्टोबर २०४४, दुपारचे पावणेदोन, सावलीत बेचाळीस अंश. टिटवी तापीवर तीन हजार फुटांवर पूर्ण शक्तीने चालली होती आणि तिचे आकडे खोलीतल्या दूरमापन पटावर दर पाच सेकंदांनी बदलत होते.

आजची चाचणी गारव्याची होती. मागच्या महिन्यात विमानाच्या काचघुमटाखाली बावन्न अंश झाले आणि वैजयंतीबाईंनी टिटवी उतरवली ती थेट एरंडाच्या झुडपांत. उष्माघात. दोन दिवस सलाईन. तिसऱ्या दिवशी निरंजन म्हणाले, “एक तर मी आत गारवा करून दाखवतो, नाहीतर विमान विकू.” बाई म्हणाल्या, “मग करून दाखवा.”

“पण सर,” रुबिनाने विचारले, “नुसतं पुढून हवेचं भोक मोठं केलं असतं तर?”

डॉ. रुबिना तडवी ही सगळ्या टिटव्यांत बसणाऱ्या विद्युतघटाची जनक. यावलची मुलगी, पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. आपला घट उन्हात कसा वागतो ते बघायला मुद्दाम आली होती.

“भरलेल्या पोत्यात आणखी ज्वारी जाते का?” निरंजन म्हणाले. “आतली हवा बाहेर काढा, बाहेरची आपोआप येते. शीतगृहाचं सगळं गणित तेच. म्हणून मी घुमटाच्या मागं निर्गमझडप बसवली. तिथं वारा वेगानं जातो, दाब कमी असतो, आतली हवा तो ओढून नेतो. ना पंखा, ना वीज.”

“आणि किती उतरेल तापमान?”

“चाळीसपर्यंत. मी जादूगार नाही.” त्यांनी पटाकडे पाहिले. “बरं, आता तू सांग. मी त्या घटाच्या पेटीला हात लावायलाही घाबरतो. तो हवा नेमकी कशाला घेतो?”

रुबिना खुलली. “आपण घेतो त्यासाठीच. साध्या बॅटरीत सगळं सामान आत भरलेलं असतं, म्हणून ती जड. आमच्या श्वसनघटात फक्त लिथियम असतं. प्राणवायू तो चालता चालता बाहेरच्या हवेतून घेतो. लिथियमचं पाण्याशी वैर, म्हणून हवा आधी निर्जलकातून जाते. तो तिच्यातला ओलावा थेंबभरही ठेवत नाही. मग घट प्राणवायू खातो आणि उरलेली हवा शेपटीतल्या नळीनं बाहेर सोडतो.”

“किती खातो?”

“जेवढी शक्ती मागाल तेवढा. हवेत एकवीस टक्के प्राणवायू असतो. पूर्ण शक्तीवर सोळा खातो, पाच सोडतो. पाव शक्तीवर फार तर चार खाईल.”

“धूर?”

“अजिबात नाही. म्हणून तर सगळं.”

वैजयंतीबाई पेट्रोलच्या विमानांवर शिकल्या होत्या. गारव्याच्या नादात इंजिनाचा धूर आत ओढला जातो आणि वैमानिकाला कळतही नाही, हे त्यांच्या गुरूंनी त्यांना घोकून घ्यायला लावले होते. म्हणून टिटवीत धूर नसतानाही त्यांनी विषारी वायूचा मापक टांगला होता. तो आज शून्य दाखवत होता, आणि त्या शून्याचा निरंजनना फार आधार वाटत होता.

रेडिओ खरखरला. “अहो, ऐकताय ना? काय गार वाटतंय म्हणून सांगू! घामाचा टिपूस नाही अंगाला. तुम्हाला मानलं बाई आज!”

रुबिनाने टाळी वाजवली. निरंजनही हसले. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती आणि ‘मानलं’ हा शब्द त्यांनी आज दुसऱ्यांदा ऐकला होता. खुशीतच त्यांनी तापमान वहीत लिहायला घेतले आणि पेन्सिल थांबली.

तापमान चाळीस होते. हिशेबाबरहुकूम चाळीस. पण चाळीस अंशांत कुणाला गार वाटत नाही, घाम तर हमखास येतो.

दुसरा कुणी असता तर बायको खूश आहे एवढ्यावर त्याने सोडून दिले असते. पण केळीवाल्या माणसाची नजर तापमानानंतर आर्द्रतेवर जाते. शीतगृहात हवा कोरडी पडली की केळ्याचे देठ सुकतात आणि व्यापारी गळा धरतात. निरंजननी तो रकाना पाहिला. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या कक्षातली आर्द्रता एकोणचाळीस टक्के होती. आता तेरा होती.

“रुबिना, बाहेरची किती?”

“पंखावरच्या मापकात अडतीस.”

“मग आतलं पाणी कुणी प्यायलं?”

दोघांनाही उत्तर एकाच क्षणी सुचले. त्या विमानात हवेतले पाणी पिणारी एकच वस्तू होती, आसनामागची निर्जलकाची पेटी. कक्षात येणारी हवा त्या पेटीतून येत होती, म्हणजे ती घटातूनही येत होती.

“मधला पडदा...” रुबिना म्हणाली. “आसन आणि घट यांच्यामधला. त्यात भोकं आहेत?”

“सुकाणूच्या तारा जातात त्याच्यातून.” निरंजन म्हणाले. शीतगृहाच्या भिंतीत त्यांनी कधी सुईएवढे भोक राहू दिले नव्हते. विमानाचा पडदा त्यांनी भिंत म्हणून पाहिलाच नव्हता. ते काम वैजयंतीचे होते, आणि झडप बसवताना आपण हवा बाहेर काढतोय एवढ्याच आनंदात ते होते. झडपेने कक्षातला दाब घटाच्या पेटीतल्या दाबाहून खाली नेला आणि मागची उष्टी हवा त्या भोकांतून पुढे आली. कोरडी हवा, म्हणून घाम अंगावर येतो तसा उडून जातो आणि गार वाटते.

“एकोणचाळीसचे तेरा,” ते पुटपुटले. “तीनातले दोन भाग घटाची हवा. प्राणवायू किती पडतो?”

“दहा,” रुबिना म्हणाली. “दहाच्या आसपास.”

वखारीच्या मागच्या बाजूला पूर्वी कमी प्राणवायूच्या खोल्या होत्या. केळे पिकू नये म्हणून त्यात नायट्रोजन भरत. तरुणपणी निरंजननी किसन तायडे नावाच्या हमालाला अशाच एका खोलीतून बाहेर काढले होते. तो क्रेटला टेकून बसल्या जागीच मेला होता आणि त्याचा चेहरा हसरा होता. त्याला ना धाप लागली होती, ना त्याने दाराकडे एक पाऊल टाकले होते. डॉक्टर म्हणाले होते, माणूस गुदमरतो तो आतला कर्बवायू साचल्यामुळे. तो बाहेर पडत राहिला तर प्राणवायू संपतोय हे शरीराला कळतच नाही, उलट बरे वाटते.

निरंजननी माइक ओढला. “वैजू, ऐक. आत प्राणवायू कमी आहे. शक्ती कमी कर आणि झडप बंद कर. आत्ता.”

“इश्श!” बाई हसल्या. लग्न झाल्यापासून त्या ‘इश्श’ म्हणाल्या नव्हत्या. “झडप बंद करू? आत्ता कुठे गार झालंय. जन्मभर केळ्यांची काळजी केलीत, आता माझी करताय होय?”

“वैजू, हात जोडतो. तुझं डोकं ठिकाणावर नाही.”

“तुमचं कधी होतं?” आणि पुन्हा हसू, जरा लांबलेले, जरा सैल. पटावर टिटवीची दिशा एकेक अंशाने ढळत होती. नाक किंचित वर उचलले जात होते.

“वैजूताई, सात आणि आठ किती?” रुबिना माइकमध्ये ओरडली.

“सात आणि आठ... थांब गं, सांगते.” बाई थांबल्या. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि आपण ते दिले नाही हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

सहा हजार तास खपून बांधलेल्या त्या पिंजऱ्यात बायको हसत हसत मरणार, आणि ते आपल्या झडपेने. समजावून उपयोग नव्हता. समजणारे जे होते तेच आत विझत चालले होते. मग काय शिल्लक होते? त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना बाईंचे हात आठवले. सहा वर्षे प्रत्येक बोल्ट त्या दोघांनी एकाच रीतीने आवळला होता. निरंजन यादीतली ओळ वाचत, वैजयंती त्या वस्तूवर हात ठेवत आणि तेच शब्द परत म्हणत. उड्डाणाआधी, उतरण्याआधी, रोज. भांडण झालेले असले तरी, तोंड फिरवून का होईना, त्या उत्तर देत.

त्यांनी आवाजातले सगळे काढून टाकले. नवरा काढला, भीती काढली. राहिला तो यादी वाचणारा.

“उतरण्याची यादी. पट्टा.”

बराच वेळ वाऱ्याचा आवाज. मग, जिभेवर ओझे असल्यासारखे, “पट्टा.”

“शक्ती, पाव.”

काही नाही. रुबिनाने त्यांचे मनगट धरले.

“शक्ती, पाव,” त्यांनी पुन्हा तेवढ्याच संथपणे वाचले.

“शक्ती... पाव.”

पटावरचा शक्तीचा आकडा शंभर होता. तो नव्वद झाला, साठ झाला, पंचविसावर थांबला. टिटवीचे नाक खाली आले. निरंजन पुढचे वाचत राहिले. झडप, बंद. नाक, क्षितिजाखाली. थोडी उत्तरे आली, थोडी आली नाहीत. झडपेचे उत्तर आले नाही. पण घट आता फारसा प्राणवायू खात नव्हता, आणि त्याची उष्टी हवाही श्वासाला पुरण्याजोगी झाली होती. दीड मिनिट गेले. ते निरंजनना फार मोठे वाटले.

“अहो,” रेडिओवर एकदम जाग्या माणसाचा, चिडका आवाज आला. “माझं डोकं ठणकतंय. मी ऐनपूरपर्यंत कशी आले?”

“शक्ती वाढवायची नाही,” निरंजन म्हणाले. “अजिबात नाही. तरंगत परत ये. पट्टी चुकली तर शेतात उतरव, पण शक्ती वाढवू नकोस.” मग त्यांनी माइक रुबिनाकडे सरकवला. बाकीचे तिने सांगितले.

टिटवी उतरली, पट्टीच्या अगदी कडेला, पण उतरली. निरंजन माळावरून धावत गेले, काचघुमट उघडला आणि बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिथेच रडले. वखारीच्या दारात रुबिना उभी होती, पण त्यांना त्याचे काही वाटले नाही.

वैजयंतीबाई पाण्याची बाटली संपवून सावलीत बसल्या. सगळे ऐकून घेतल्यावरही त्यांचा विश्वास बसेना.

“मला तर एवढंच आठवतंय की फार छान वाटत होतं. धाप नाही, घुसमट नाही. आजवरचं सगळ्यांत चांगलं उड्डाण म्हणाले असते मी.” मग त्यांनी खिशातून फोन काढला, पण तो लगेच नवऱ्याच्या हातात दिला नाही. “तुम्ही रागवाल. टिटवी बांधणाऱ्यांचा आमचा गट आहे ना, त्यावर मी झडपेचा आराखडा टाकला. दसऱ्यालाच. जमिनीवरच्या चाचणीत इतकी छान चालली होती, आणि आमच्यात कुणी काही नवं केलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना देतो. तशी रीतच आहे. नऊ जणांनी बसवली.”

“आणि?”

“सगळ्यांनी कौतुक केलंय,” बाई अगदी हळू म्हणाल्या.

निरंजननी वाचले. ‘फालकसाहेबांना दंडवत, आत अगदी महाबळेश्वर.’ ‘घाम नाही, थकवा नाही, उतरूच नये वाटतं.’ ‘इतकं प्रसन्न कधीच वाटलं नव्हतं.’ एकेक ओळ वाचताना त्यांना आतला प्राणवायू किती असेल ते जवळजवळ आकड्यात कळत होते. शेवटचा संदेश सोलापूरच्या बिराजदारांचा होता, सहा मिनिटांपूर्वीचा. त्यात नुसते हसरे चेहरे होते आणि खाली पंखाखालच्या उजनीच्या पाण्याचा फोटो.

त्यांनी नंबर लावला. तीन घंट्या वाजल्या, चार वाजल्या.

“बोला फालकसाहेब!” फोनमधून वारा आणि भलताच खुशीतला आवाज. “तुमचीच आठवण काढत होतो बघा. काय गारवा केलाय!”

“बिराजदार, शक्ती किती आहे?”

“पूर्ण की. मिसेसना फिरवायला आणलंय. त्यांना तर गाढ झोप लागली बघा.”

“बिराजदार, मी म्हणतो ते करा, आणि माझ्यामागून म्हणा,” निरंजन म्हणाले. त्यांनी आवाज जमेल तेवढा संथ केला. “शक्ती, पाव.”

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला.

“कशाला हो?” बिराजदार हसून म्हणाले. “मस्त चाललंय की.”