दुसरा सबवूफर

परवेज दुकानात शिरला तो पाऊस चुकवायला. बारामतीच्या भिगवण रस्त्यावर अचानक सर कोसळली, त्याने गाडी बाजूला घेतली आणि समोरच्या कार ऑडिओच्या दुकानात धावला. केसांतलं पाणी झटकत वर पाहिलं, तर काउंटरवर दुकानदाराची मुलगी, सबिना. वडील, अय्युबभाई, नमाजला गेले की दुकान तीच बघायची.

नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्याने सबवूफरची, म्हणजे बेस घुमवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, चौकशी केली. तो डाळज गावचा, घरची पेरूची बाग. इंदापूरच्या चुलतभावाने गाडीत दोन बसवले होते, तेव्हा यालाही दोनच हवे होते.

सबिनाने त्याची छोटी गाडी पाहिली. दोन लावले तर डिकी भरेल, काचा थरथरतील, गाण्यातले शब्द बुडतील. नीट बांधलेल्या पेटीतला एकच पुरे, असं तिने समजावलं. त्याला पटेना.

"लावा की दोन, माझं काय जातंय," ती म्हणाली. "पण शेजारी बसलेलीचं बोलणं ऐकू यायचं न्हाय."

"शेजारी कुणी बसत न्हाय."

"आत्ता न्हाय..." म्हणत ती वायर काढायला वळली, कारण हसू आवरत नव्हतं.

शेवटी एकच सबवूफर बसवला. गाणं लागलं तसा बेस पाठीतून हळूच छातीत उतरला. परवेज डोळे मिटून ऐकत होता. सबिना स्टिअरिंगवर ताल धरणारी त्याची बोटं बघत राहिली.

मग तो येतच राहिला. कधी आवाज खरखरतो म्हणून, कधी मुळीच येत नाही म्हणून. एकदा तिने डिकी उघडून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ही वायर निघालेली न्हाय. कुणीतरी काढलीय." परवेजचे कान लाल झाले. तिने वायर जोडली आणि वडिलांसमोर त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. त्या संध्याकाळी मात्र आरशासमोर ती जरा जास्तच वेळ रेंगाळली.

नंतर बरेच दिवस तो फिरकला नाही. आला तो एका दुपारी, आणि म्हणाला, दुसराही बसवून टाका.

"बसवायचा न्हाय," सबिना म्हणाली. "खरं काय काम हाय, ते सांगा."

तो घुटमळला. "घरचे इंदापूरला मुलगी बघाय निघालेत... मी न्हाय म्हणून सांगितलं."

"का?"

"तुमच्यामुळं."

बाहेरून ऊस भरलेला ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जाईपर्यंत सबिना थांबली. हे वाक्य तिला गोंगाटात हरवू द्यायचं नव्हतं.

"मलाबी तुमीच पायजे," ती म्हणाली. "रविवारी अम्मीला घेऊन घरी या."

अय्युबभाई परतले, तेव्हा परवेजची गाडी वळणाआड जात होती. गिऱ्हाइकाने काय घेतलं, त्यांनी विचारलं.

"काहीच न्हाय, अब्बा. रविवारी आईला घेऊन घरी येणार हायत. मीच बोलावलंय."

अय्युबभाईंनी लेकीकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. ते सावकाश खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग रविवारी दुकान बंदच ठिवू," ते म्हणाले.