मृदंग, सांबार आणि मेघालीबाईंची अंगठी

पोलिसांना फोन करण्याआधी मेघालीबाईंनी अर्ध्या तासाची मुदत दिली होती. त्यातली दहा मिनिटं वाटेतल्या बेटेगावच्या खड्ड्यांनी खाल्ली.

धर्माजींनी बोईसरच्या एका गाळ्यासमोर स्कूटर लावली. त्यांची भाची प्रतीक्षा सावे ही पालघरातली एकमेव खासगी गुप्तहेर. म्हणजे कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांची. मामा सोबतीला असत आणि बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेत.

त्या गाळ्यात ‘दक्षिणेचं घरचं जेवण’ हा पाककृतींचा कार्यक्रम चित्रित होई. सूत्रधार मृदंगवादक इंद्रजीत. तो वाजवी आणि गोड बोले. शिजवत सोजराबाई, कॅमेऱ्याबाहेर. वीजकेंद्राच्या वसाहतीत तीस वर्षं तमिळ शेजारणींकडून शिकलेल्या. आज निर्मात्या मेघालीबाईंनी वडे थापायला अंगठी काढून ओट्यावर ठेवली, आणि ती गेली. लगेच दार बंद झालं, खिसे-पिशव्यांची झडती झाली. काही नाही. संशय सोजराबाईंवर.

“मी नाय घेतली गं,” सोजराबाई म्हणाल्या. “चोर म्हणून आमच्या सरावली गावात कुनाच्या दारात जाऊ?”

“सोमवारपासून यांनाच कॅमेऱ्यासमोर आणणार होते,” मेघालीबाई म्हणाल्या. “आणि यांनी हे केलं.”

“बाई साध्या दिसतात, पण…” धर्माजी कुजबुजले.

“मामा, थांबा.”

कॅमेरामन प्रणवने सांगितलं, “अंगठी गेली तेव्हा इंद्रजीत सर ओट्यापाशी रवा भिजवत होते.”

“उपम्याचा?” धर्माजींनी विचारलं.

“मृदंगाचा, काका. डाव्या बाजूला ओला रवा थापला की आवाज खोल येतो. झडतीनंतर तुम्ही येईपर्यंत कार्यक्रमाच्या सुरुवातीचा वादनाचा तुकडा चित्रित केला. डावी बाजू नुसती खरखरत होती, पण सर म्हणाले, चालेल. काल पातेल्याचं झाकण हललं तर सरांनी सात वेळा चित्रण थांबवलं होतं.”

इंद्रजीत मांडीवर मृदंग घेऊन बसला होता. “मी कलावंत आहे. माझी झडती झालीय.”

“तुमची झाली. मृदंगाची नाही,” प्रतीक्षा म्हणाली. “झाकण हललं तर थांबणारा माणूस स्वतःची खरखर चालवून घेतो, म्हणजे तो रवा त्याला काढायचा नाहीये. आणि रवा थापणारे हात तुमचेच.”

त्याने मृदंग पोटाशी धरला. धर्माजींनी तो हळूच सोडवला. प्रतीक्षाने चमच्याने रवा खरवडला. अंगठी निघाली.

“सोजराबाईंच्या पिशवीत टाकणार होतो,” इंद्रजीत जमिनीकडे बघत म्हणाला. “त्याआधीच बोंब झाली. या समोर आल्या तर मला कोण ठेवणार? मला साधं सांबार येत नाही. मृदंग ऐकायला कोण बोलावतंय आता?”

सोजराबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी आज कॅमेऱ्याच्या कामाला नाय म्हनायलाच आलते रे. ते दिवे माझ्या डोळ्यांना सोसत नाय.” मग त्या मेघालीबाईंकडे वळल्या. “आता मात्र करते. आख्ख्या सरावलीला माझं तोंड दिसू द्या.”