करपलेलं कापड

"दिवा राहू दे ना, काका," अनुया म्हणाली. गुरुनाथकाकांनी तो मालवलाच.

"रमण माझा जुना मित्र. प्राध्यापक माणूस, थापा मारायची अक्कल नाही त्याला. ऐका..."

न्यूझीलंडमधली, मातारिकीच्या म्हणजे माओरी नववर्षाच्या सुट्टीची आदली रात्र. हॅमिल्टनबाहेर शेतांमधलं एकटं घर, बाहेर गच्च धुकं. रमणची मुलगी सुनीती पहिलटकरीण, घरीच बाळंत व्हायचं ठरलेलं. जावई अक्षत वेलिंग्टनला अडकलेला, विमान रद्द. रमणची बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. कळा सुरू झाल्या आणि मिडवाइफ लुएलाचा फोन आला: गाडी चरात गेलीय, न्यायला या.

"तुला एकटीला कसं सोडू?"

"जा हो पप्पा, हीप्स ऑफ टाइम आहे. इथे नुसत्या येरझाऱ्याच घालताय!"

रमणने दार ओढलं. लॅच लागलं का, पुन्हा पाहिलं. बरोबर करतोय ना आपण?

लुएला सापडली. अमेरिकेतल्या अलाबामाची कृष्णवर्णीय मुलगी. रमणची घालमेल बघून ती बोलत राहिली.

"माझी पणजी सुईण होती. हॉस्पिटलं काळ्या बायकांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा अख्खं गाव तिच्या हातांवर जन्मलं. मग सरकारने परवाने काढून घेतले. सुइणी संपल्या. आता आम्ही पणत्या पुन्हा शिकतोय."

"तिच्याकडे साधनं काय होती?"

"पांढरं कापड. जंतू मरावेत म्हणून ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाजायची, बाळाच्या नाळेवर बांधायची. आणि म्हणायची, अडलेल्या बाईला एकटं ठेवू नका."

रमणने गाडीचा वेग वाढवला. धुक्यात वळण चुकलं. मग आणखी एक. सुनीती फोन उचलेना...

घर आलं. लॅच तसंच. आत आवाज नाही.

"सुनी?..."

सुनीती पडून होती. छातीशी बाळ. हसली.

"किती उशीर, पप्पा! बरं झालं, त्या आजींना पाठवलंत."

"कुठल्या आजी?"

"लुएलासारख्या... खूप म्हाताऱ्या. सारखा हात धरून होत्या. बोलल्या काहीच नाहीत."

लुएलाने दुपटं बाजूला केलं. नाळ नीट कापलेली. वर पांढरी पट्टी. कडा तांबूस, करपलेल्या.

लुएला खाली बसली.

रमण स्वयंपाकघरात गेला. ओव्हन उघडला.

थंडगार.

परत आला. कापडाला बोट लावलं...

अजून कोमट होतं.