लळाफवारा

मिरजेच्या प्राणिमानस प्रयोगशाळेत डॉ. शलाका खाडिलकर सकाळपासून नुसत्या येरझारा घालत होती. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. टेबलाखालचं पिल्लू तिच्या पावलांबरोबर मान फिरवत होतं. त्याचं नाव बटाटा. ते तिच्या मुलीनं, रेणूनं ठेवलेलं. आणि त्याच रेणूचा दमा असा काही उसळला होता, की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, घरात एक तर कुत्रा राहील, नाहीतर पोरगी.

दोन घरं बघून झाली होती. दोन्हीकडे या पठ्ठ्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. दाराकडे बघत बसला, बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा लोकांनी मुकाट्यानं परत आणून दिला. आता कुरुंदवाडच्या अक्काताई चौगुले तयार झाल्या होत्या. तिथंही असंच झालं तर पिल्लू जगणार नव्हतं.

"फवारा द्यायचाच म्हणतेस?" तिचे सहकारी डॉ. यासीन इनामदार म्हणाले. "मग मला एकदा नीट सांग. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मलाही द्यावं लागेल."

"आई-पिल्लाची ओढ सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूत एकाच जागेवरून चालते. फवारा नाकावाटे तिथं पोचतो आणि झालेली ओढ पुसतो. आठवणी जात नाहीत. माणसं ओळखू येतात, फक्त त्यांच्यासाठी जीव तुटत नाही. मग जन्माच्या वेळी उघडं असतं तसं ममत्वद्वार पुन्हा उघडतं. ज्याच्या हातचा पहिला घास पोटात जाईल, ते माणूस आणि ते घर आपलं. दार बंद."

"मात्रा?"

"वजनाचा संबंध नाही. वासाच्या वाटेनं जातो, कणभर पुरतो."

"आणि चुकलं तर पुन्हा द्यायचा?"

"दुसऱ्यांदा दार उघडत नाही. मेंढ्यांत बघितलंय आपण. मग नेहमीसारखाच लळा लावावा लागतो, महिनोन्‌महिने."

फवारा द्यायची वेळ आली तेव्हा बटाट्यानं मुखपट्टी घातलेली शलाका बघितली आणि तो थरथर कापायला लागला. हे तोंड त्याच्या ओळखीचं नव्हतं. शेवटी तिनं ती मुखपट्टी काढून फेकली, त्याला छातीशी धरलं, गालाला गाल लावला आणि नळी दाबली. "झालं रे राजा," ती म्हणत राहिली. डोळे भरून आले होते, त्याची तिला लाजही वाटली नाही.

गाडीत मात्र तिला एकदम हलकं वाटायला लागलं. पिल्लू तिच्याकडे न बघता खिडकीतून उसाची शेतं बघत होतं. औषध लागू पडलं, तिनं ओळखलं. रेणूचा फोन आला. नंतर बघू, म्हणून तिनं तो उचललाच नाही.

अक्काताईंनी बटाट्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवली. त्यानं ती मिटक्या मारत खाल्ली, दुसरा घास मागितला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला. शलाका जमिनीवर बसून बघत होती. हात केसांनी आणि लाळेनं बरबटलेले.

"मी निघते आता."

"आत्ता गं बया, जेवल्याबिगर कशी जाशील? माहेरवाशिणीला तरी कुणी असं लावून देतं का?" अक्काताई म्हणाल्या. "हात घाण हायत व्हय? मग आ कर."

आणि त्यांनी वांग्याची भाजी भाकरीत गुंडाळून सरळ तिच्या तोंडात घातली.

त्या घासानं शलाकाचं सगळं अंग सैल पडलं. चुलीचा धूर, अक्काताईंच्या पदराचा वास, गोठ्यातलं हंबरणं, सगळं कसं आपलंसं. ती दिवस कलेपर्यंत तिथंच बसली. निघताना रडू आवरेना. पिल्लासाठीच असणार, असं तिनं स्वतःला बजावलं, पण मागं वळून ती बघत होती ते अक्काताईंकडं.

घरी येऊन तिनं आधी आंघोळ केली, कपडे बदलले, मगच रेणूला जवळ येऊ दिलं. रेणू येऊन गळ्यात पडली. शलाकानं तिला धरलं. ही रेणू. हिला दमा आहे. हिला वरणभात आवडतो. सगळं पाठ होतं. पण आत काहीच हललं नाही. शेजारणीची मुलगी अंगावर यावी तसं झालं, आणि मन कुरुंदवाडच्या रस्त्याला लागलं.

मग तिला फेकलेली मुखपट्टी आठवली. वजनाचा संबंध नाही, हे तीच बोलली होती. ती घाबरली, जन्मात घाबरली नव्हती तेवढी. पण ती भीतीसुद्धा रेणूसाठी नव्हती, स्वतःसाठी होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

"आई, बटाटा मला विसरला असेल?"

"विसरला नसेल. पण तुझ्यासाठी रडणार नाही आता."

"मग तो परत कधी पहिल्यासारखी माया करायला लागला असता का? आपल्याकडंच असता तर?"

"लागला असता. औषधाशिवाय, हळूहळू. खूप दिवस लागले असते."

"तेवढे दिवस आपण काय करायचं असतं?"

शलाकानं तिच्या पाठीवर हात फिरवला. कसा फिरवायचा ते तिला आठवत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "त्याला घराबाहेर काढायचं नसतं."