मागच्या सीटची ऊब

गार्थ बेसेलने ती मोटारसायकल ऊझ गावच्या काझिक व्होयनारकडून घेतली. काझिकने सगळी हयात धरणावरच्या वीजघरात वायरमन म्हणून काढलेली, तेव्हा गाडीवरही त्याने विजेची हौस भागवून घेतली होती. धुक्यातले दिवे, हँडलच्या तापणाऱ्या मुठी, रेडिओ, फोन चार्ज करायचं सॉकेट, आणि मागच्या सीटवर तापणारी गादी. टास्मानियाच्या डोंगरात भर थंडीत फिरणाऱ्याला यातलं निम्मं तरी लागतंच. पण गार्थ पडला लाकूड गिरणीतला मेकॅनिक. दुसऱ्याने जोडलेली वायर म्हणजे त्याला दुसऱ्याचा टूथब्रश वाटायचा.

किल्ली देताना म्हातारा म्हणाला, "काढायचं ते काढ. मागची गादी तेवढी राहू दे. तिला थंडी सोसत नाही."

कुणाला, हे विचारायला हवं होतं. गार्थला वाटलं, मेरिनबद्दल याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. त्याने मान डोलावली आणि तो निघाला.

मेरिन त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी मित्रांशी शर्यत लावण्याच्या नादात गार्थने एका वळणावर गाडी आडवी पाडली होती. त्याला खरचटलं, मागे बसलेल्या मेरिनचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती मोटारसायकलवर बसली नव्हती, आणि घरातही त्याच्याशी कामापुरतं बोलायची. ही गाडी त्याने तिच्यासाठीच घेतली होती. तिलाही ते कळत होतं.

"एकदा बसते," ती म्हणाली होती. "पण मागे मी आहे हे पुन्हा विसरलास, तर गाडीवरूनच नाही, घरातूनही उतरेन."

गार्थने दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये गाडी उघडली. म्हाताऱ्याचं काम देखणं होतं, पण मेकॅनिकने दुसऱ्या मेकॅनिकचं कौतुक केलंय असं कधी झालंय का? दिवे निघाले, रेडिओ निघाला. गादीची वायर कापताना म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं, तोवर हात चालून गेला होता. तापणाऱ्या मुठी तेवढ्या त्याने ठेवल्या.

मेरिन चहा घेऊन आली. कचऱ्याच्या डब्यात तिला गादी दिसली.

"पुढचं ठेवलंस, मागचं काढलंस?"

"वायर कुजली होती गं. थंडी सरली की नवी बसवतो."

वायर कुजलेली नव्हती. मेरिन चहा ठेवून निघून गेली. गार्थला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कापलेली वायर पुन्हा जोडायची म्हणजे चूक कबूल करायची, आणि तो त्याचा स्वभाव नव्हता.

सकाळी बॅटरी मेलेली. रात्रभर चार्ज केली, पुन्हा मेली. मीटर लावून बघितलं तर किल्ली बंद असतानाही थोडी थोडी वीज कुठेतरी जात होती. त्याने एकेक करून सगळे फ्यूज उपटले. तरी काटा खाली आला नाही. मागच्या सीटखाली कापलेल्या दोन वायरींची टोकं होती, त्यांना काहीच जोडलेलं नव्हतं. त्याने सीटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. शेडमध्ये स्टोव्ह पेटलेला होता, तरी त्या सीटवर पांढरं दव गोठलं होतं.

लाकूड गिरणीत जेवायच्या सुट्टीत त्याने हे सोबत काम करणाऱ्या क्लेमला सांगितलं. क्लेम ऊझचाच.

"काझिकची गाडी घेतलीस होय? हालिना त्याच गाडीवर गेली बाबा. त्याची बायको. डोंगरावरून येत होते, वाटेत मागे बसल्या बसल्याच प्राण गेला. म्हातारा घरी येईपर्यंत तिच्याशी बोलत होता..."

"मग ती गादी?"

"ती नंतर बसवली त्याने," क्लेम म्हणाला आणि सँडविच चावत राहिला.

गार्थने नवी बॅटरी घातली. मेरिनला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बसलीच नसती, आणि इतक्या मिनतवारीनंतर त्याला ते नको होतं.

शनिवारी दोघं तलावांच्या बाजूला गेले. दिवस बरा गेला. मेरिन दोनदा हसली. परतताना सूर्य डोंगराआड गेला आणि धुकं उतरलं, तसे ते रस्त्यावरच्या एकुलत्या एका पेट्रोल पंपावर थांबले. पेट्रोल भरून झाल्यावर मेरिन कालवं भरलेली गरम पेस्ट्री घ्यायला तिथल्या दुकानात गेली. बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून गार्थ इंजिन चालू ठेवून, हेल्मेट घालून गाडीवरच बसून राहिला.

मागची सीट दबली. डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. नीट बसले, निघ, अशी ती खूण. मागे बायकोला बसवणारा कुठलाही गडी अशा वेळी वळून बघत नाही. तो निघाला.

थोडं पुढे गेल्यावर दोन हात त्याच्या जाकिटाच्या खिशांत शिरले. लग्न झालं तेव्हा मेरिन असेच हात घालायची. माफ केलं हिनं, त्याला वाटलं.

"हात किती गारठलेत तुझे," तो म्हणाला.

पाठीवर एक डोकं टेकलं. तिथून जाकिटातून, स्वेटरातून गारठा आत झिरपत गेला. मुठी तापून हाताला चटके देत होत्या आणि कंबर बधिर होत चालली होती. धुक्याला ओल्या राखेचा वास येत होता. तरी तो सुखात होता, हे खरं.

छातीशी फोन थरथरला. त्याने गाडी कडेला घेतली. पडद्यावर मेरिनचं नाव होतं.

"गार्थ... कुठे आहेस तू?"

त्याने मान खाली घालून आपल्या खिशांकडे बघितलं.

"मी पंपाच्या दारात उभी आहे. ओरडले केवढ्यानं..."

खिशातले हात तसेच होते. फक्त बोटं जरा घट्ट वळली.

त्याने आरशात बघितलं नाही. गाडी वळवली आणि तो सारा रस्ता देवाचं नाव घेत परतला. मागचं ओझं उतरलं नाही.

मेरिन दिव्याखाली उभी होती. शेजारी लाकूड वाहणारा ट्रक गुरगुरत होता.

"बस," गार्थ पुढे बघतच म्हणाला. "मेरिन, बस लवकर. मी विसरलो नव्हतो गं तुला. शपथ घेऊन सांगतो. मला वाटलं, तूच..."

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "विसरला असतास तर भांडले असते. एवढा रस्ता गेलास, आणि मागे मी नाही हे तुला कळलंसुद्धा नाही." तिने ट्रककडे मान वळवली. "हा मला ताईकडे सोडतोय."

"मेरिन..."

ती जवळ आली. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यापलीकडे बघत राहिली. मग तिने आपले हातमोजे काढले आणि त्याच्या पाठीमागे धरले.

"घाला हो," ती म्हणाली. "बोटं निळी पडलीत तुमची."

तिने हात मागे घेतला, तेव्हा तो रिकामा होता.