खमंगची पातेली

शाल्मली महिनाभर रोज वाटीभर पालक खात होती, तोंड वाकडं करून का होईना. तरी तिच्या रक्तात फोलेट (नव्या पेशी घडवायला लागणारं एक 'ब' जीवनसत्त्व) कमीच निघालं. पुढच्या तपासणीत ते वाढलं नाही, तर शाळेची चंद्राची सहल तिच्याविना जाणार होती!

"माझ्याकडे बघू नका," स्वयंपाकी यंत्रमानव खमंग फुरंगटून म्हणाला. "ताईंचं ताट रोज चाटूनपुसून स्वच्छ. नोंद आहे माझ्याकडे!"

"अरे शहाण्या, ताटातलं सगळं रक्तात पोचतं होय?" आजोबा हसले. जन्मभर त्यांनी जीवनसत्त्वांवरच संशोधन केलं होतं. त्यांनी सुतळीने पाच पातेली एकामागे एक बांधली आणि खमंगच्या कमरेला अडकवली. "आता तू पालकातलं फोलेट. स्वयंपाकघराचं दार म्हणजे आतड्याचं अस्तर. चल आत!"

खमंग निघाला. खण्ण! धडाम! पातेली उंबऱ्याला अडली.

"शाल्मली, तू विकर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन). काप सुतळी!"

तिने कचाकच चार पातेली सोडवली. उरलेलं एक घेऊन खमंग सुळकन आत गेला.

"भाजीतल्या फोलेटला अशीच शेपटी असते," आजोबा म्हणाले. "सगळ्यांची कापली जात नाही, म्हणून साधारण निम्मंच आत शिरतं. गोळीतलं फोलिक आम्ल, म्हणजे कारखान्यात बनवलेलं फोलेट, एकच पातेलं घेऊन येतं. जेवणाबरोबर घेतलं, तरी शंभरातलं पंच्याऐंशी आत! मात्र पुढे शरीराला ते कामाच्या रूपात बदलून घ्यावं लागतं."

"मग मला निम्मं तरी मिळायला हवं होतं ना?"

खमंगचे डोळे मिणमिणले. "मी... पालक तीनदा उकळतो. घट्ट पिळतो. पाणी कढीपत्त्याला घालतो."

सगळे खिडकीकडे वळले. कुंडीतला कढीपत्ता छताला टेकला होता!

"अरे गाढवा, फोलेट पाण्यात उतरतं, उकळून नासतंही!" आजोबांनी कपाळाला हात लावला.

"मग आता चंद्रावर कढीपत्त्यालाच पाठवा," शाल्मली रडवेली होऊन म्हणाली.

त्या दिवसापासून पालक थेट वरणात, पाण्यासकट शिजू लागला. जोडीला डॉक्टरांनी दिलेली गोळी. महिन्याभराने तपासणीचा कागद आला आणि शाल्मलीने घरभर उड्या मारल्या.

यानाच्या अरुंद दाराशी खमंग तिला पोचवायला आला, तो लाडू, चिवडा, लोणचं असे सहा डबे सुतळीत ओवूनच. खण्ण! डबे अडले.

शाल्मलीने हसत खिशातून कात्री काढली. "एकच हं, खमंग! बाकीचे मी परत येईपर्यंत सांभाळ."

तिने लाडवांचा डबा उचलला आणि टुणकन आत शिरली.