हळू वं...

ही घडलेली गोष्ट आहे. कोणाला पटो न पटो.

शीला माझी मामेबहीण. आमच्या घरात भुताखेताचं नाव काढलं तर आजा ताटावरून उठवायचा. "बाबासाहेबांनी आपल्याले यातून भायेर काढलं, तुमी परत घुसू नका," म्हणायचा. त्या घरात वाढलेली ही मुलगी. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती मोबाइल उपडा ठेवून बोलत होती.

कळंबला यवतमाळ रोडवर शीला आणि तिचा नवरा राजदीप यांचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे टिनाचं शेड, मागे कापूस पिंजायची मशीन. फोमच्या गाद्या आल्यापासून धंदा पार बसला होता. मशीन दिवसचे दिवस बंद असायची.

मग शीलानं व्हिडिओ टाकायला सुरुवात केली.

जुनी गादी उसवायची. आतला दगडासारखा झालेला कापूस दाखवायचा. तो मशीनमधून ढगासारखा उडताना दाखवायचा. खोळ भरायची, टाके घालायचे आणि शेवटी काठीनं झोडून कापूस सारखा करायचा. मागून शीलाचा आवाज. "नमस्कार मंडळी, पाहा, वीस वर्षं जुनी गादी कशी नवी होते."

लोकांना आवडायला लागलं. राळेगावहून फोन आला, मग वणीहून.

मागच्या डिसेंबरात गोपाल नावाचा एक माणूस बाभूळगावकडच्या खेड्यातून ऑटोत गादी टाकून आला. चाळिशीचा असेल. कमी बोलणारा.

"मायची गादी हाय," तो म्हणाला. "माय गेली. कापूस घरच्या वावरातला हाय, फेकवत नाई. पोरीसाठी नवी करून द्या."

गादीच्या मधोमध एक लांबट खळगा होता. एका कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती पिंजून भरली. राजदीप काठीनं झोडत होता, शीला शूट करत होती. मशीन बंद होती. रस्त्यावर शुकशुकाट होता. जेवायच्या आधी तिनं व्हिडिओ टाकून दिला.

जेवून मोबाइल हातात घेतला तर खाली पहिलीच कमेंट होती.

"ताई, मागे हळू हळू कोण म्हणते?"

शीलाला वाटलं, कोणीतरी गंमत करतंय. पण खाली आणखी दोघांनी तेच विचारलं होतं. तिनं कानात हेडफोन घातले.

काठी पडली. धप्प.

पुन्हा पडली. धप्प.

आणि मग...

"हळू..."

बाईचा आवाज. म्हातारा. दमलेला.

धप्प.

"हळू वं..."

तिनं हेडफोन काढून मागे पाहिलं. राजदीप पोत्यावर आडवा झाला होता. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

"अहो, हे ऐका बरं."

राजदीपनं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन परत दिले. "पट्टा करकरते मशीनचा."

"मशीन बंद होती ना."

"मंग रस्त्यावरून गेली असन कोणी. कायले डोक्शात घेतं?"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. नागपूर, अमरावती, पार पुण्याचे लोक ऐकत होते आणि एकमेकांना पाठवत होते. काही हसत होते, काही शिव्या देत होते. पण त्यांच्यामागोमाग ऑर्डरीही आल्या. एवढ्या की मशीन सकाळपासून अंधार पडेपर्यंत थांबेना.

गोपालची गादी शिवून कोपऱ्यातल्या फळीवर गुंडाळून ठेवली होती.

शीलानं दुसऱ्या गादीचा व्हिडिओ केला. त्यात काही ऐकू आलं नाही.

खरंच, काहीच ऐकू आलं नाही.

पडद्यावर तिचे ओठ हलत होते. "नमस्कार मंडळी" म्हणताना तिनं हात जोडलेले दिसत होते. मागून ट्रकचा हॉर्न स्पष्ट ऐकू येत होता. चिमण्यांचा आवाज होता. नव्हता फक्त तिचा.

आणि तिच्या आवाजाच्या जागी...

कोणीतरी श्वास घेत होतं. आत घेताना घरघर, सोडताना बारीक कण्हणं.

राजदीप म्हणाला, माइक बिघडला. यवतमाळहून नवा आणला. पुन्हा तेच. तिनं मोबाइल बदलून पाहिला, राजदीपचा घेतला. पुन्हा तेच. राजदीप बोलला तर त्याचा आवाज नीट यायचा. शीलाचा तेवढा यायचा नाही.

"त्या बाईची गादी देऊन टाका," शीला म्हणाली. "मले दुकानात बसवत नाई."

"देतो ना. जराशीक थांब."

पण गोपालचा फोन आला तेव्हा राजदीपनं त्याला सांगितलं, टाके राहिले आहेत, आठ दिवसांनी या.

शीला पाहतच राहिली. "खोटं काहून बोलले?"

"लोकं तोच आवाज मांगून राह्यले," राजदीप खाली मान घालून म्हणाला. "अजून एक व्हिडिओ करू. एकच. पोट भरून राह्यलं त्याच्यावर, तुले समजत नाई काय?"

तिला समजत होतं. मशीनचा हप्ता, पोराची शाळा, सगळं समजत होतं. म्हणून ती मोबाइल धरून उभी राहिली. याचं तिला आजही वाईट वाटतं.

भर दुपार होती. राजदीपनं गादी खाली अंथरली. काठी उचलली आणि जोरात हाणली.

आवाज झाला नाही.

काठी गादीवर पडलेली दोघांनी पाहिली. खोळ दबलेली पाहिली. पण धप्प झालंच नाही. मोबाइलमधलं नाही सांगत मी. तिथं, समोर, दुकानात.

राजदीपनं पुन्हा हाणली.

काही नाही. कापसात काठी पडते तशी नाही... अंगावर पडणारा हात कोणी वरच्या वर धरावा, तशी.

त्यानं काठी भिंतीला टेकवली. बाहेर जाऊन माठातलं पाणी प्यायला. बराच वेळ तो आत आलाच नाही.

शीलानं तो व्हिडिओ टाकला नाही. पाहिलाही नाही.

दोन दिवसांनी एक बाई एकटीच दुकानात आली. अंगानं बारीक, साधं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. तिनं गाद्या पाहिल्या नाहीत, भाव विचारला नाही.

"मी जया. गोपालची घरवाली," ती म्हणाली. "तो व्हिडिओ लावता काय? आमच्या गावात सारे ऐकून राह्यले. माह्यापाशी साधा फोन हाय."

शीलानं लावला. जयानं मोबाइल कानाशी धरला. डोळे मिटले.

पूर्ण ऐकून झाल्यावर ती खालीच बसली.

"माह्यी सासू हाय. हंसाबाई."

"तुमाले आवाज ओळखू येते, ताई?"

"येते ना. पण ती बोलत नव्हती." जयानं पदरानं तोंड पुसलं. "दोन वर्षं अंथरुणावर होती. अर्धं अंग गेलतं, वाचा बी गेलती. एक शब्द तोंडातून नाई. मीच कूस बदलून द्यायची, मीच पुसायची. लई केलं मी तिचं, सारं गाव सांगन. पण शेतातून येऊन, सैपाक करून जीव दमे. मंग झटक्यानं वळवून टाकू. वाटे, तिले आता काय समजते."

शीलानं पाण्याचा गिलास पुढे केला. जयानं तो घेतला, पण प्यायली नाही.

"आता समजलं, ती म्हणून राह्यली होती. मलेच म्हणून राह्यली होती."

"ताई, असं काहून म्हणता? ते कोणालेही..."

"नाव घेते ना माह्यं. ऐका."

शीलानं तो व्हिडिओ कितीतरी वेळा ऐकला होता. त्यात नाव नव्हतं. तिनं हेडफोन कानात घातले.

धप्प.

"हळू वं..."

धप्प.

"हळू वं, जये..."

शीलानं मोबाइल खाली ठेवला.

जया उठली. गादी अजून जमिनीवरच होती. ती गुडघ्यांवर बसली आणि गादी गुंडाळायला लागली. एक हात उशाकडे खालून सरकवला, दुसरा मधोमध. मग इतक्या हळू वळवली, की राजदीप दारातून आत येता येता थबकला. त्यानं चप्पल काढून हातात घेतली.

बाहेर ऑटोत ठेवताना जया म्हणाली, "पातळ लागते ही. कापूस लई होता आमचा."

ऑटो गेली. शीलानं तिथल्या तिथं तो व्हिडिओ डिलीट करून टाकला. राजदीप रस्त्याकडे पाहत होता.

"अहो, पातळ कशी झाली?"



"उरला होता थोडासाक," तो म्हणाला. "मले वाटलं, त्याईले काय समजते. ऑर्डरीसंगं उशा फुकट दिल्या ना आपण... त्याच्यात भरला."

"कोणाच्या उशीत?"

राजदीपला सांगता येईना. पुसदला गेल्या, दिग्रसला गेल्या, वणीला गेल्या. कोणती उशी कुठं गेली, कोणालाच माहीत नाही.

गोपालच्या मुलीला ती गादी दिलीच नाही म्हणतात. तिच्यावर जयाच झोपते. झोप लागते का, हे शीलानं कधी विचारलं नाही.

शीलाचा आवाज आता व्हिडिओत येतो. दुकान बरं चाललंय. गिऱ्हाइकं घरी गेलेल्या गादीचे, उशीचे व्हिडिओ हौसेनं पाठवतात. शीला ते आवाज बंद करूनच पाहते.

मागच्या आठवड्यात वणीच्या मोनाली नावाच्या पोरीनं एक पाठवला. चार महिन्यांचं बाळ. शीलाच्या दुकानातली उशी. आई त्याला कुशीवर वळवते, तसे बाळाचे ओठ हलतात.

खाली मोनालीनं लिहिलंय, "आवाज चालू करून पाहा ताई. आतापासूनच बोलायला लागला."

शीलानं अजून केलेला नाही.